सरदारणीच्या नाकाची सावली

सुनेचं चित्र दुसऱ्यांदा परत आलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं ते. समुद्री लुटारूंची सरदारीण! प्रकाशकबाईंनी फोनवर सुनावलं होतं, "चेहरा सपाट दिसतो. छापल्यावर सावल्या उडून जातात. दुपारपर्यंत जमवा, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल."

सुनेचं हे पहिलंच पुस्तक. ती टेबलाशी तोंड पाडून बसली.

"बघू तरी, एवढं काय बिघडलंय," म्हणत सासूबाईंनी ओले हात पुसले, चित्र उचललं आणि जागीच थबकल्या. डोक्याला फडकं, कमरेला तलवार, आणि चेहरा हुबेहूब त्यांचाच!

"अगं, ही तर मी!"

सून पांढरीफटक पडली. "रागावू नका, आई. सरदारीण म्हटल्यावर मला दुसरं कुणी सुचेचना."

राग कसला? सासूबाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण तसं दाखवतील तर त्या सासूबाई कसल्या! त्यांनी चित्र हातभर लांब धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"माझं नाक कुठाय?"

"आहे की, आई."

"हे? हा तर पिठाचा गोळा! माझ्या नाकाच्या धाकात तुझे सासरे जन्मभर सरळ चालले. आणि हनुवटीखाली काय, नुसता धूर? डोळ्यांखालचे खड्डे कुणी बुजवले?"

"मीच," सून पुटपुटली. "गडद करायला हात धजेना. वाटलं, तुम्ही बघितलंत तर म्हणाल, सुनेनं मला म्हातारी करून टाकलं."

"म्हातारी आहेच मी! तुझ्या भिडेपायी माझी सरदारकी बुडायची वेळ आलीय. ऊठ!"

सासूबाईंनी पडदे ओढले, वरचा दिवा घालवला, टेबलावरचा दिवा एका गालाजवळ आणला. डोक्याला टॉवेल आवळला, हातात झारा धरला आणि भुवया चढवून उभ्या राहिल्या. नाकाची सावली गालावरून थेट ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरली.

सुनेनं सगळ्यांत मऊ, काळीकुट्ट पेन्सिल उचलली. आधी भीतभीत, मग खसाखसा. एकावर एक थर चढवत गेली. उजेडाकडचा गाल तिनं कोराच सोडला, म्हणजे दुसरीकडचं काळं उठून दिसेल.

"हनुवटीखाली अजून..." सासूबाईंनी तोंड उघडलं.

"आई, गप्प! हलू नका!"

या घरात असं त्यांना कुणी बोललं नव्हतं. सासूबाईंनी चक्क झारा सावरला आणि पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या.

काम झालं तशी सुनेनं चित्र समोरच्या खुर्चीवर टेकवलं. तेवढ्यात सासूबाईंचा मुलगा दार ढकलून आत आला. त्याची नजर खुर्चीवर गेली आणि पाय उंबऱ्यातच थिजले.

"आई, मी काय केलं आता?"

"मी इकडे आहे, बावळटा!" सासूबाई पाठीमागून गरजल्या. "सूनबाई, पाठव! याला दारातून दिसलं, म्हणजे सगळ्या जगाला दिसेल!"

फोटो काढून पाठवला. सून फोन मुठीत घट्ट धरून येरझारा घालू लागली. फोन वाजला. प्रकाशकबाईंचा आवाज खोलीभर घुमला, "अहो, हीच! काय नजर आहे हिची! आतल्या सगळ्या पानांवर अशीच हवी!"

सुनेनं सासूबाईंना मिठीच मारली. टॉवेल सुटून खांद्यावर आला. सून टेबलावरचा दिवा घालवायला वळली, तर सासूबाईंनी टॉवेल पुन्हा करकचून बांधला.

"मग दिवा कशाला घालवतेस? पुढच्या पानावर मी कुणाला बुडवतेय ते सांग."