चार म्हणजे पास

मंगळवारी सकाळी एर्मिंदाबाई चिलीतल्या आंतोफागास्ताच्या सरकारी इस्पितळात आल्या त्या रुमालात पाव बांधूनच. पावात अवोकाडो, वर मीठ. तपासणी उपाशीपोटी असते. झाली की खायचा.

"डॉक्टरबाई, तुमच्यासाठीपण आणलाय. फार वाळलात हो," मशीनच्या खोलीत जाता जाता त्या म्हणाल्या.

एमआरआयची चित्रं वाचणं हे यास्नाचं काम. ती हसली. पण पडद्यावर चित्र उमटलं आणि तिचं हसू मावळलं. तिने चार महिन्यांपूर्वीचं चित्र शेजारी लावलं. मूत्राशयातली गाठ तेव्हा स्नायूत शिरत होती. आता ती स्नायू फोडून बाहेर आली होती.

लहानपणी नळाचं आर्सेनिकचं पाणी पिऊन वाढलेलं हे गाव. इथे असली कॅन्सरची गाठ घरोघरी. पूर्वी प्रत्येक डॉक्टर मनाला येईल ते लिहायचा, 'जाडी वाढलेली दिसते' वगैरे. यास्नाने दोन वर्षं भांडून एकच मोजपट्टी लागू करून घेतली. एक-दोन म्हणजे गाठ अस्तरातच. तीन म्हणजे शंका. चार म्हणजे बहुधा स्नायूत शिरली. पाच म्हणजे बाहेर पडली. एक आकडा, कोणाला चुकीचा वाचताच येणार नाही, असं तिला वाटलं होतं.

तिने बाईंच्या मुलाला आत बोलावलं. एलादियो तांब्याच्या खाणीतला मुकादम. गेल्या वेळचा अहवालाचा लिफाफा त्यानेच नेला होता. इथली रीतच ती: आजार बाईचा, कागद घरच्या पुरुषाच्या हातात.

"चार होते तुमच्या आईचे. शस्त्रक्रिया का झाली नाही?"

"आम्ही भावांनी ठरवलं. मूत्राशय काढायचं, पोटाला पिशवी लावायची... आईला नसतं झेपलं. हळवी आहे ती."

"त्यांना काय सांगितलंत?"

तो जमिनीकडे बघू लागला. "चार मिळाले म्हटलं. पास झालीस."

शाळेत सातपैकी चार गुणांना पास, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि एर्मिंदाबाई तर चौतीस वर्षं शाळेत गुण देत आलेल्या. काठावर सुटले म्हणून त्या हसल्या आणि चार महिने पाल्याचा काढा पीत बसल्या.

"आज पाच आहेत," यास्ना म्हणाली.

"मग वाढले म्हणून सांगा ना! तिला तेवढंच समाधान."

यास्नाला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ह्याला माया म्हणतात! माणसाचं मरण त्याच्यापासूनच चोरायचं आणि वर डोळे पुसायचे.

दार उघडलं. एर्मिंदाबाई पाव खात उभ्या होत्या. "किती मिळाले मला?"

"पाच, आई! वाढले बघ," एलादियो घाईने म्हणाला.

"अरे वा!" त्यांनी यास्नापुढे पाव धरला. "घ्या, डॉक्टरबाई."

यास्नाने पाव घेतला नाही. "बसा, बाई. इथे उलटं असतं. इथे पाच सगळ्यात वाईट." आणि तिने सगळं सांगितलं, चित्रावर बोट ठेवून.

बाईंनी उरलेला पाव पुन्हा रुमालात बांधला. गाठ दोनदा घट्ट केली.

"एलादियो, नापास पोराला मी टेबलापाशी बोलवायचे आणि त्यालाच सांगायचे. त्याच्या काकाला नाही."

"आई, तुझ्यासाठीच केलं गं—"

"पिशवी लागली असती ना? लावली असती. पोट माझं आहे." त्या यास्नाकडे वळल्या. "आता?"

"आधी औषधं. गाठ आटली तर शस्त्रक्रिया. चार महिन्यांपूर्वी तुम्हाला भरवसा दिला असता. आज देत नाही."

"सही कुठे करू? पेन द्या." मुलाने खिशातलं पेन काढलं. "तुझं नको."

त्या गेल्यावर यास्नाने अहवालाखाली आकड्याचा अर्थ साध्या भाषेत लिहिला आणि ठरवलं, इथून पुढे प्रत्येक अहवालावर असंच लिहायचं, आणि लिफाफा ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा.

पुढचा लिफाफा घेऊन ती बाहेर आली आणि तिने त्यावरचं नाव पुकारलं. बाकावर एक बाई पर्स सावरत उठू लागली. तिच्या आधीच शेजारच्या पुरुषाचा हात पुढे आला.

"इकडे द्या. मी नवरा आहे तिचा."

यास्नाने लिफाफा छातीशी धरला आणि बाई पूर्ण उभी राहीपर्यंत वाट बघितली.