धुतलेला डबा

डबा धुऊन परत यायला लागला, तेव्हा माझ्या बायकोला, अंबिकाला एवढा आनंद झाला की तिनं तो शेजारी जाऊन सांगितला. आमच्या सुकन्याला घरी असताना स्वतःचं खरकटं ताट उचलायची कधी बुद्धी झाली नव्हती. आता लातूरच्या होस्टेलात राहून ती डबा घासून, पुसून, कडी नीट लावून पाठवते, म्हणजे पोरगी शहाणी झाली. "बघा," अंबिका मला म्हणाली, "आपल्याला जमलं न्हाई ते होस्टेलनं केलं." मीही मान डोलावली. एवढी फी घेतात तर तेवढं तरी शिकवायलाच पाहिजे, असं मनात आलं.

उदगीरच्या मोंढ्यात माझं सरकी-पेंडीचं दुकान आहे. दहावीला बरे मार्क पडले की आमच्याकडची पोरं डॉक्टरकीच्या तयारीसाठी लातूरच्या संस्थांत जातात, त्यात कुणाला काही विचारायचं नसतं. सुकन्यानं इथल्याच कॉलेजात शिकावं, संध्याकाळी घरी यावं, असं मला वाटत होतं. तसं बोलून दाखवलं तर मेहुण्यापासून हमालापर्यंत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. शेवटी मी एकच अट घातली, जेवण घरचं. शिकवा काय शिकवायचं ते, पण पोरीच्या पोटात आमच्या घरची भाकरी जाऊ द्या. तेवढा एक धागा माझ्या हातात राहील, असं मला वाटलं होतं.

डबा पाठवणं आमच्याकडे अवघड नाही. सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागे गावोगावच्या डब्यांच्या पिशव्या रचलेल्या असतात, प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटनं नाव. लातूरच्या स्टँडवर मल्लिनाथ नावाचा माणूस त्या उतरवून घेतो, मोटारसायकलला दोन्ही अंगांनी अडकवतो आणि होस्टेल-होस्टेल वाटत फिरतो. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत. आमचा डबा एक दिवस चुकला नाही.

फोनचं मात्र तसं नव्हतं. पोरींकडे फोन ठेवू देत नाहीत. रविवारी वॉर्डन मॅडमच्या फोनवरून बोलणं व्हायचं, तेही परीक्षा चालू आहेत म्हणून महिनाभर बंद केलेलं. त्याऐवजी संस्थेचं अ‍ॅप होतं. हजेरी, टेस्टचे मार्क, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, अभिनंदन, सूचना, दिवसभर ते वाजत राहायचं. प्रत्येक मेसेजखाली अंगठ्याचं चित्र. दाबलं की पालकांनी वाचलं असं धरतात. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी कुठं वाचत बसू? दाबायचो आणि पेंडीचं पोतं तोलायला लागायचो.

त्या दिवशी अंबिकानं हुग्गी केली होती. आमच्या लिंगायत घरांत सणावाराला करतात ती गव्हाची, गूळ घालून घट्ट आटवलेली, वर तुपाची धार. सुकन्याचा त्यावर जीव. मलाही लातूरला तेलाच्या मिलवर जायचं होतं, म्हणून म्हटलं, आज डबा मीच नेतो, पोरगी जाळीतून का होईना दिसेल.

होस्टेलच्या वॉचमननं डब्यावरचं नाव वाचून आत हाक मारली. बाहेर आली ती दुसरीच मुलगी. तिनं सवयीनं जाळीखालून हात घालून डबा ओढला आणि मग मला पाहिलं. मी म्हटलं, बाई, हा सुकन्याचा डबा आहे, मी तिचा बाप. त्यावर तिचा चेहराच उतरला.

"काका, ती इथं न्हाई," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधीच नांदेडला नेलं तिला."

मुलीचं नाव उज्वला, सुकन्याच्या खोलीतली. जाताना सुकन्यानंच तिला सांगितलं होतं, घरी कळलं की डबा बंद होईल, तोवर तू खा. पण डबा काही बंद झाला नाही. उज्वला भोकरची. एवढ्या लांबून तिला डबा येणं शक्य नव्हतं. आम्ही तिच्यासाठीच पाठवत राहिलोय असं त्या पोरीला वाटलं, आणि परक्याचं खाल्लेलं भांडं तसंच कसं पाठवायचं, म्हणून ती ते रोज घासत होती. आमची पोरगी शहाणी झाली म्हणून आम्ही गावभर सांगत होतो ते हे.

मी ऑफिसात शिरलो तो तापूनच. खुर्चीत आलोक सर होते, बॅचचे प्रमुख, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान. "बोला पालक," म्हणाले. तिथं सगळ्यांना पालकच म्हणतात, आम्हाला नावं नसतात. माझी मुलगी मला न विचारता दुसऱ्या जिल्ह्यात कशी नेली, असं मी विचारलं. त्यांनी शांतपणे पाणी मागवलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. फुगे, फुलं, मधे सुकन्याचा फोटो. विशेष बॅचसाठी निवड झाल्याबद्दल अभिनंदन, सदर बॅच नांदेड शाखेत भरेल. खाली अंगठा. माझाच.

माझे आजोबा सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा लावायचे. मी बी.कॉम. होऊन तेच केलं.

तरी मी भांडलो. म्हटलं, नांदेडच्या बाजूची भोकरची पोरगी तुम्ही लातुरात ठेवलीय आणि लातूरजवळची माझी नांदेडला पाठवलीय, हे कसलं डोकं? ते हसले. बॅच पत्त्यावरून लागत नाही, रँकवरून लागते, म्हणाले. पुढं म्हणाले की लोक या बॅचसाठी शिफारशीच्या चिठ्ठ्या घेऊन येतात आणि तुम्ही मिळालेली परत करायला निघालात. मी म्हटलं, पोरगी माझी आहे. त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली.

"पालक, पोरगी तुमचीच आहे. कोण नाही म्हणतंय? फक्त दोन वर्षं आमच्याकडे द्या. डॉक्टर करून परत देतो."

मारायला धावावं तर माणूस वाईट बोलत नव्हता. न्यायची असेल तर घेऊन जा, दाखला तयार ठेवतो, असंही त्यांनी सांगितलं. फक्त मुलीला एकदा विचारा, म्हणाले.

उज्वलाकडून डबा परत मागताना मला लाज वाटली, पण मागितला. ती म्हणाली, थांबा काका, आणि आत जाऊन स्वतःची लोणच्याची बाटली त्या पिशवीत ठेवून आली. सुकन्याला द्या म्हणाली. मिलचं काम सोडून मी तसाच नांदेडची गाडी पकडली. वाटभर डबा मांडीवर होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. चल घरी, बस झालं, उदगीरात काय लोक शिकत नाहीत? दाखला घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं, हे मी पक्कं केलं होतं.

नांदेडची इमारत नवी होती, रंगाचा वास अजून गेला नव्हता. भेटीची वेळ नाही म्हणून आधी नाहीच म्हणाले. मी पायरीवर बसून राहिलो तेव्हा दहा मिनिटं दिली. सुकन्या आली आणि मी तिला ओळखलंच नाही. अंबिकानं लहानपणापासून तेल लावून वाढवलेली वेणी गेली होती. केस मानेवर कापलेले. धुवायला, विंचरायला वेळ जातो म्हणून इथं सगळ्यांचेच कापतात, असं तिनं मला समजावून सांगितलं, जणू मीच विचारायला नको ते विचारलं होतं.

"आईला नका सांगू केसांचं," ती म्हणाली.

मी वाटभर वाक्यं जुळवून आणली होती. शेवटी एवढंच म्हणालो, "चल बाळा. घरी जाऊ."

डोळे भरून आले होते तिचे, ते मी पाहिलं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, आता ही पिशवी भरायला पळणार.

"बाबा, सरांना विचारून आलात का?" तिनं विचारलं.

"मी बाप हाय तुझा," मी म्हणालो.

"हाव, पण विचारावं लागतं ना."

मी डबा पुढं केला. झाकण उघडलं तर हुग्गीचा वास पसरला. तिनं वाकून पाहिलं, हातसुद्धा पुढं आला होता. मग तिनं दाराकडच्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात मागं घेतला.

"बाहेरचं चालत न्हाई बाबा इथं," ती म्हणाली.

बेल वाजली आणि ती धावत गेली. लोणच्याची बाटली माझ्याच हातात राहिली.

मला तिला हाताला धरून आणता आलं असतं. दार उघडं होतं, आलोक सरांनी दाखल्याचंही सांगितलंच होतं. पण ज्या पोरीला घरी यायला परवानगी लागते असं वाटतं, तिला घरी आणून मी काय केलं असतं? उद्या डॉक्टरकीचा नंबर हुकला असता तर जन्मभर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली असती. आणि तिथंच ठेवून नंबर लागला तर सर म्हणाले तेच खरं ठरणार होतं. मी कुठल्याही बाजूनं चालत गेलो तरी चुकणारा मीच होतो. मी गाडीत बसलो आणि उदगीरला आलो.

अंबिकानं डबा हातात घेतला आणि वजनावरूनच तिला कळलं. केसांचं सोडून सगळं सांगितलं. ती रडली नाही. डबा खाली ठेवून तिनं विचारलं, त्या भोकरच्या पोरीला धपाटे आवडतात का. मी म्हटलं, मला काय माहीत, विचारायचं राहिलं.

सकाळी ती धपाटे करत होती आणि माझा फोन वाजला. या वेळी मी पूर्ण वाचलं, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं. पालकांनी पूर्वपरवानगीशिवाय भेट दिल्यामुळे विद्यार्थिनीच्या अभ्यासात व्यत्यय आला. त्यामुळे दिवाळीपूर्वीची भेट रद्द करण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार. खाली अंगठ्याचं चित्र.

मी फोन चुलीत घालायच्या गोष्टी केल्या. या लोकांना कोर्टात खेचतो, असं काहीबाही बोललो. अंबिकानं धपाटा उलटला आणि तव्याकडे बघतच बोलली.

"दाबा की. न्हाई दाबलं तर पोरीला बोलतील."

मी दाबलं. तोवर भोकरच्या पोरीचा डबा भरून झाला होता, झाकणावर सुकन्याचंच नाव होतं. गाडी निघायची वेळ झाली म्हणून मी तो उचलला आणि स्टँडकडे निघालो.