आपोआप परत गेलेलं पुस्तक

"मुदत संपली की हे पुस्तक आपोआप परत जातं, घरी सांगून ठेवा," असं ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या होत्या. कडेवर बाळ रडत होतं. मी हो हो म्हणत निघाले.

नजर अधू झाल्यापासून सासऱ्यांचं वाचन सुटलं होतं. ग्रंथालयाचं ई-पुस्तक टॅबवर मोठ्या अक्षरांत लावून दिलं आणि ते पुन्हा वाचू लागले. रोज चहाच्या वेळी मला गोष्ट पुढे सांगायचे. परवा मात्र गोष्टीतला जहाजाचा कप्तान भर वादळात कोटाच्या बाहीचं माप घ्यायला लागला. सासरे आयुष्यभर शिंपीकाम करायचे. मला शंका आली.

"बाबा, हे पुस्तकात आहे?"

"नसायला काय झालं? कप्तानाला थंडी वाजत नाही?"

मी टॅब उघडला. पुस्तक गायब.

"माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं," ते खाली बघत म्हणाले. "तुझ्या जिवाला बाळाचा घोर काय कमी आहे? म्हटलं, पुढचं आपणच रचावं."

मुदत संपली होती, एवढंच. मी त्यांना समजावलं आणि पुस्तक पुन्हा मागितलं. ई-पुस्तक असलं तरी ग्रंथालयाकडे त्याच्या प्रती मोजक्याच, त्यामुळे आम्ही रांगेत आहोत. तोवर कप्तानाचा कोट बाबाच पुरा करतायत.

तुम्हीही घरातल्या कुणाला असं पुस्तक लावून दिलं असेल, तर आज जरा शेजारी बसून बघा, ते अजून उघडतंय का.