पाण्याचा रकाना

प्रयोगशाळेत चाचणीच्या पट्टीवर घरच्या कुत्र्याच्या, ढब्बूच्या, रकान्यात रेघ उमटली तशी ताईने हातमोजे न काढताच घरी फोन लावला.

"बाबा, आली! रेघ आली. ढब्बू बरा होणार."

पलीकडे बाबा मोठ्याने हसले. आई गेल्यापासून तिने हे हसणं ऐकलं नव्हतं.

कुत्र्यांच्या गाठी तपासण्यात ताईची अकरा वर्षं गेली होती. एक कॅन्सर एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागतो. त्याची खूण म्हणजे डीएनएचा एक उडाणटप्पू तुकडा, आपली जागा सोडून पेशींच्या वाढीच्या जनुकाशेजारी बिऱ्हाड थाटून बसलेला. तो असला की चाचणीत रेघ येते, आणि हा कॅन्सर बहुधा चार-सहा इंजेक्शनांत विरघळतो. रेघ नाही, म्हणजे गाठ दुसऱ्या जातीची. ढब्बूच्या वयाला त्यावर इलाज नव्हता. कॅन्सर अमुकच निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

फोन ठेवल्यावर तिची नजर शेवटच्या रकान्याकडे गेली. तिथे नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालतात. तो कोरा राहिला तरच बाकीच्या रेघा खऱ्या. बाबांना हे तिनेच शिकवलं होतं, आणि तेव्हापासून रोज जेवताना ते थट्टेने विचारायचे, "पाणी कोरं होतं ना गं?"

आज पाण्यातही रेघ होती.

जुन्या कुठल्याशा गाठीचा अंश चाचणीच्या मिश्रणात पडला असणार, आणि मिश्रण तिनेच केलं होतं. पाणी न बघता बोलू नका, असं नवशिक्यांना दरडावणारी ती! तिला स्वतःचाच मनस्वी राग आला.

तिने नवं मिश्रण करून सगळं पहिल्यापासून केलं. दुपारी, हा कॅन्सर नक्की असलेल्या जुन्या नमुन्यात रेघ ठळक होती आणि पाणी कोरं होतं. ढब्बूचा रकानाही कोराच होता.

घरी बाबा जमिनीवर बसून ढब्बूला हाताने भरवत होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाबा भात कालवत राहिले.

"रोज विचारता," ती म्हणाली, "मग आज फोनवर पाण्याचं का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं, तर तू बघितलं असतंस."

आणि त्यांनी ढब्बूपुढे पुढचा घास धरला.