मामाच्या मानाचा तुकडा

आमच्या तोबा सरोवराकाठी बायकोच्या भावापुढे मान वर करायची पद्धत नाही. देवाखालोखाल तोच. त्यामुळे लग्न झाल्यापासून माझ्या नवऱ्याची मान खालीच, आणि ती बघून बघून माझी अवघडलीय.

शनिवारी आमच्या लेकीचं, रुमोंदांगचं लग्न होतं. मामाने हातमागाची शाल पांघरून आशीर्वाद दिल्याशिवाय आमच्याकडे पोरगी सासरी जात नाही. मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, जाहोतमान. मांस वाटायला घेतलं, तर डुकराच्या जबड्याचा तुकडा सापडेना. तो मामाच्या मानाचा.

झालं! जाहोतमान ताटावरून उठला, शाल काखोटीला मारली.

"मास्तर!" भर मांडवात माझ्या नवऱ्यावर ओरडला. "माझी बहीण नेलीस, आता माझा वाटाही गिळलास? भिकारडा तो भिकारडाच! रविवारी चर्चमध्ये आम्हाला अक्कल शिकवतोस ना?"

वाजंत्री थांबली. पोरीचा चेहरा पावडरीखाली पडला.

तुकडा कुठे होता ते मला दिसत होतं. चुलीपाशी माझी भावजय तिआर्मा उभी होती आणि तिच्या पिशवीतून चरबी ठिबकत होती. आपलाच तर वाटा, म्हणून बिचारीने वाटपाआधीच बांधून घेतला असणार. आता ती पिशवी पाठीमागे लपवत होती. जाहोतमानचा हात तिला ठाऊक आहे. माझ्या नवऱ्यानेही ती पिशवी पाहिली. 'बोला आता,' मी डोळ्यांनी खुणावलं.

त्याने चष्मा काढला, हात जोडले. "दादा, वाटप माझ्याकडे होतं, चूक माझी. मला हवं ते बोला. पण पोरीला शाल द्या."

जाहोतमान बोलला की! त्याचं शिक्षण काढलं, बाप काढला. पण उशीवर गुद्दे मारून माणूस किती मारणार? शेवटी धापा टाकत त्याने शाल पांघरली आणि पोरगी एकदाची सासरी गेली. जाताना तिआर्मा ती पिशवी आमच्या टेबलाखाली सोडून गेली.

मांडव रिकामा झाला आणि माझा तोल सुटला. "तोंडात जीभ आहे की नाही तुमच्या? पिशवी बघितलीत ना?"

"बघितली."

"मग?"

"मग काय? मी खरा ठरलो असतो. आणि घरी गेल्यावर तिचं काय झालं असतं?"

"रागाला मऊ उत्तर द्यावं म्हणे! बायबलात हे लिहिणाऱ्याला असला मेव्हणा नव्हता."

तो हसला नाही. बाकावर टेकला. "मला राग येत नाही असं वाटतं तुला? येतो गं. गिळून गिळून दमलोय मी आता." हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात फोन वाजला. जाहोतमान.

"ही आल्यापासून रडतेय. खरं सांग, हिनेच तर नाही ना लांबवला तुकडा?"

मागून तिआर्माचा हुंदका ऐकू आला. नवऱ्याने फोनसाठी हात पुढे केला. मी नाही दिला.

"नाही रे दादा. माझ्याच पातेल्यात राहिला होता. माझीच चूक."

मग काय! वेंधळी, बिनडोक, आईने तुला काही वळणच लावलं नाही. मी नुसतं हो दादा, हो दादा करत राहिले. नवरा माझ्याकडे बघत बसला होता. मग हळूच बाकावर आडवा झाला आणि जाहोतमान अजून ओरडत होता तेव्हाच घोरायला लागला.