बोट लावून पाहिलं

तानुबाईनं सुनेचं नाटक चार बायकांदेखत उघडं पाडलं, त्याला आता दीड महिना झाला होता.

त्या दिवशी शेजारच्या मंगलच्या अंगणात बायका लोकर पिंजायला बसल्या होत्या. माण तालुक्यातल्या या वाडीत मेंढरं आता थोडीच उरली, पण कातरण झाली की एकत्र बसून लोकर पिंजायची रीत काही सुटली नव्हती. तानुबाईची सून पल्लवी लोणंदची, किराणा दुकानदाराची लेक. मेंढरांशी तिचा संबंध आला तो लग्नानंतरच. लोकर हातात घेतली की ती शिंकायची, दंडावर तांबडे चट्टे उठायचे, आणि दोन दिवसांत पाठ, खांदे, मनगटं सगळंच दुखायला लागायचं. बांगडी घासली तरी कळवळायची. कामाच्या नावानं बोंब आणि दुखायला सगळं अंग, असं तानुबाईचं मत पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं होतं.

तरी खात्री करावी म्हणून तिनं एक युक्ती काढली. पल्लवी पाठमोरी बसली होती. तानुबाईनं बायकांना डोळा घातला, मागून गेली आणि सुनेच्या दंडाला नुसतं एक बोट टेकवलं. पल्लवी "आई गं!" म्हणून ओरडली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तानुबाईनं ते बोट सगळ्यांना वर करून दाखवलं.

"बगा गं बायांनो! एवढ्यानं मेली ही!"

हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. त्या दिवसापासून पल्लवीचं नाव 'नाटकी' पडलं. तानुबाईनं मुंबईत माथाडी काम करणाऱ्या लेकालाही, रविराजला, हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. तेव्हापासून त्यानं बायकोला एकही फोन केला नव्हता.

तशी तानुबाई काही कैदाशीण नव्हती. सून कण्हायला लागली की ती तोंडानं बडबडत का होईना उठायची आणि आपलं नवंकोरं घोंगडं तिच्या अंगावर घालायची. अंग दुखलं, घाल घोंगडं. ताप आला, घाल घोंगडं. तिच्या घराण्यात याहून मोठं औषध कुणाला ठाऊक नव्हतं.

आज सकाळी मात्र पल्लवीचं तोंड सुजलं आणि तिला उठून बसता येईना. तानुबाईनं तिला एसटीनं साताऱ्याला आणलं. खरं सांगायचं तर बरं करायला कमी आणि पकडून द्यायला जास्त. एवढी शिकलेली डॉक्टरीण, एका नजरेत नाटक ओळखेल!

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. मग पल्लवीला भिंतीकडे तोंड करायला सांगून कापसाचा बोळा तिच्या दंडावरून हलकेच फिरवला. पल्लवीनं दंड झटकन आखडला.

तानुबाईला राहवेना. "बगा बाई! कापसानं कुनाला दुखतंय व्हय?"

"हिला दुखतं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी तेच तपासत होते. हिला लोकरीची अ‍ॅलर्जी दिसते आहे. अशा वेळी शरीर जणू शत्रू घरात शिरल्यासारखं लढायला उठतं. त्या झटापटीत कातडीतल्या नसा इतक्या हळव्या होतात, की साधा स्पर्शही घाव वाटतो. बाकीचं अंग का दुखतं तेही बघू, पण हे दुखणं खोटं नाही. रात्री अंगावर काय घेते ही?"

तानुबाईला आपलं लोकरीचं घोंगडं आठवलं. लांडगा येऊन गेला की राखणीचं कुत्रं पुढं कितीतरी दिवस पाला हलला तरी भुंकतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तेच सुनेच्या अंगात चाललं होतं, आणि तिनं बोट लावून सगळ्यांना हसवलं होतं.

इंजेक्शननं पल्लवीची सूज जरा उतरली, ती चालायला लागली. स्टँडवर तानुबाईनं खालमानेनं विचारलं, "घोंगड्यात जास्त दुखत हुतं, तर काडून का टाकलं न्हाईस?"

"तुमी तुमच्या हातानं घालत हुता, आत्या," पल्लवी म्हणाली. "तेवढ्या येळंला तरी माझी माया येती तुमाला, असं वाटायचं."

तानुबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिथंच तिनं पल्लवीला तिच्या फोनवरून लेकाला फोन लावायला सांगितलं.

"रवी, मी चुकले रं. हिचं दुखनं खरं हाय."

रविराज खो खो हसला. "आये, तुलाबी गुंडाळलं व्हय तिनं? तूच म्हनलीस न्हवं, नुसतं बोट लावलं तर वरडली?"

फोन स्पीकरवर होता. पल्लवीनं सगळं ऐकलं.

"व्हय, म्हनले. आन तिला खरंच लागलं हुतं."

"बरं, बगू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

पल्लवीनं पिशवी उचलली. "मी लोणंदच्या गाडीत बसती, आत्या. ज्यांच्याम्होरं हसलासा, त्यास्नी हे सांगा. मग फोन करा. त्याबिगर मी यायची न्हाई."

तानुबाईनं तिला लोणंदच्या गाडीपर्यंत पोहोचवलं. मग ती एकटीच वाडीकडं जाणाऱ्या दहिवडीच्या गाडीत चढली. मंगलच्या अंगणात काय बोलायचं ते ती वाटभर मनाशी जुळवत राहिली. "बायांनो, मी..." इथवर ती दर वेळी यायची, आणि पुढचा शब्द काही केल्या फुटत नव्हता.