स्वतःपुरत्या सात दुरुस्त्या

वहीत बघून तिने पाचवी दुरुस्ती प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत हाताने घातली, ओळ दोनदा वाचली आणि वहीत बरोबरची खूण केली. दर वर्षी हेच. पाणी तपासणीच्या या प्रयोगशाळेतलं यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. यंत्राचे आकडे वाचणारा प्रोग्राम ठिकठिकाणच्या लोकांनी हौसेने मिळून लिहिलेला, सगळ्यांना खुला. त्यात या यंत्रापुरतं जे कमी पडे, ते तिने अकरा वर्षांत आपल्या प्रतीत नीट करून घेतलं होतं. सात जागी. कुणी मागितलं नव्हतं, तिने दिलं नव्हतं.

सहावीकडे वळण्याआधी तिने प्रोग्रामचं पान उघडलं. वर नवी सूचना होती: ‘हे जुनं यंत्र अजून कुणी वापरतं का? महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही, तर त्याचा भाग पुढच्या आवृत्तीतून काढू.’ खाली सही भावजयीची.

तिची कानशिलं तापली. दोन वर्षांपूर्वी याच भावजयीला तिने जेवणाच्या टेबलावर हा प्रोग्राम शिकवला होता. कालची पोर. आधी हिने दोन बारीक चुका सुधारून पाठवल्या, मग दहा, मग शंभर. प्रोग्राम सांभाळणारे म्हातारे गृहस्थ थकले, तेव्हा जाताना किल्ल्या हिच्याच हाती देऊन गेले.

रविवारी माहेरी आई दारातच म्हणाली,

“कळलं का? आमच्या सूनबाई आता जगाचा प्रोग्राम चालवतात.”

“मीच शिकवलाय तिला.”

“हो ना! मग त्या लोकांनी तुला कसं नाही विचारलं?”

भाऊ पेपरामागे हसला. चपला काढायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

भावजय स्वयंपाकघरात ताटं पुसत होती.

“ते यंत्र मी रोज वापरते. माहितीये तुला.”

“माहितीये की, ताई.”

“आणि तरी चारचौघांत विचारतेस, कुणी वापरतं का म्हणून?”

“मग काय लिहू? माझ्या नणंदेचं आहे, म्हणून ठेवलंय?” भावजय हसली, पण तिचा चेहरा पाहून थांबली. “प्रोग्राम सांभाळणारे बाकीचे पाच जण विचारतात, वापरणारा दाखव. अकरा वर्षांत तिथे तुमची एक ओळ नाही. साधी तक्रारसुद्धा नाही.”

“मला कुणाची गरज लागली नाही.”

“म्हणून त्यांना वाटलं, सगळी यंत्रं भंगारात गेली.”

तो भाग गेला, तर प्रयोगशाळेतलं यंत्रही भंगारच होणार होतं. सोमवारी तिने सातही दुरुस्त्या पाठवल्या. नीट, कारणांसकट, तारखांसकट. तारखा मुद्दाम. सगळ्यात जुनी भावजयीच्या लग्नाच्याही आधीची होती. पाठवल्यावर ती यादी तिने दिवसभरात चारदा उघडून पाहिली.

बुधवारी दुपारी भावजयीचा फोन आला.

“ताई, सहा घेतल्या. फार सुरेख आहेत. यंत्र राहतंय.”

“आणि सातवी?”

“त्यात शून्याखालचा आकडा आला, की तुम्ही त्याचं शून्य करता.”

“मग? पाण्यात उणे लोखंड असतं का? यंत्राचा गोंधळ तो.”

“गोंधळ वरही होतो ना, ताई. वरचा ठेवायचा आणि खालचा तेवढा पुसायचा, म्हणजे सरासरी...”

पुढचं तिने ऐकलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते. गावाच्या टाकीचं स्वच्छ पाणी, लोखंड जवळजवळ शून्य, दर आठवड्याचे नमुने, ही दुरुस्ती घातल्यापासूनची नऊ वर्षं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. फक्त प्रत्येक अहवालातला आकडा केसभर वर होता, आणि खाली तिची सही होती.

“ताई? मी तिथे अजून काही लिहिलेलं नाही. तुम्ही सातवी गुपचूप मागे घ्या. सहाच दिसतील.”

त्या आवाजात जिंकल्याचा सूर शोधायला तिने फोन कानाशी घट्ट धरला. तो नव्हता. तेच जास्त झोंबलं.

“मागे नाही घेत,” ती म्हणाली. “काय चुकलंय ते तिथेच लिही. सगळ्यांना दिसेल असं.”

“तुमचं नाव येईल.”

“येऊ दे. माझ्यासारखंच आणखी कुणी गप्प बसून हेच करत असेल.”



“कसं लिहू?”

“दुसऱ्या कुणाला लिहिशील तसं.”

फोन ठेवून तिने नऊ वर्षांपूर्वीची पहिली फाईल काढली. शेजारी प्रोग्रामचं पान उघडंच ठेवलं. दहा मिनिटांनी तिच्या सातव्या दुरुस्तीखाली भावजयीच्या तीन ओळी उमटल्या. त्यात ताई नव्हतं, हसू नव्हतं, कीव नव्हती. तिने त्या सावकाश वाचल्या आणि त्यात चूक शोधली. मग पुन्हा एकदा शोधली.

सापडली नाही.